विश्वासाला पडलेला दुष्काळ

आमच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली ठाणं मांडलं. पण खेड्यापाड्यांतल्या महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली ती १८७६-७८च्या दुष्काळानंतर. तेव्हापासून एक टोमणा आमच्या मागं लागला, ‘पोटासाठी बाटलेले.’ गावानं टोचलं तर माणूस सोसतो, पण हाच प्रश्न रात्री अंथरुणावर स्वतःच्याच मनात उठतो. आपल्या आज्या-पणज्यानं ख्रिस्त धरला तो भुकेपायी, का खरंच? मला वाटतं, आमच्यात शंका बाहेरून आलेली नाही, ती बाप्तिस्म्याबरोबरच घरात आली.

आणि ती काही आम्हा गरिबांच्याच घरात आली असं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात १८८३ साली झाला. तरी त्या चर्चच्या शिकवणुकीवर तिथल्या शिकल्यासवरल्या भगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. पुढं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मधे आठ वर्षं गेली. एवढ्या विद्वान बाईला जिथं आठ वर्षं लागली, तिथं खडी फोडणाऱ्या बाईची काय कथा?

रेव्हरंड टिळकांचंही तसंच. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली. मधल्या वर्षांतला राग, रडणं, ताटातूट त्यांनी ‘स्मृतिचित्रां’त काही न झाकता सांगितलंय. टिळकांची भजनं आजही आमच्या देवळांत टाळ-मृदंगावर चालतात. पण मिशनच्या परक्या रीतीत, पगाराच्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरला. १९१७ साली त्यांनी मिशन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनी ते गेले. त्यांनी मिशन सोडलं, ख्रिस्त सोडला नाही. हा फरक ज्याला उमगला, त्याचं निम्मं ओझं उतरलं.

आमच्या लोकांना पुढं आणखी एक घाव बसला. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत जागा राहिली नाही. गावात पाणवठ्यावर जात तीच राहिली, कागदावर तेवढी गेली. पोरं शिकली की बापाला विचारायची, “आपल्याला ह्या धर्मानं दिलं काय?” बापाकडं उत्तर नसायचं.

मग ७२चा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. माणसं सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो खाऊन खडी फोडायला जायची. कामावरच्या बाया आजीला म्हणायच्या, “तुमचा देव अमेरिकेचा ना? मंग सांगा की त्याला.” आजी गप राहायची. तिनं उपासनेला जाणंच सोडलं. पाळकसाहेब घरी आले नि म्हणाले, “विश्वास कमी पडतोय, बाई.”

आजी बोलली, “विश्वास न्हाय कमी पडला, सायेब. पानी कमी पडलंय.”

काही दिवसांनी मंडळीतले म्हातारे मास्तर आले. त्यांनी उपदेश केला नाही. पवित्र शास्त्र उघडलं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी स्तुतीकडं वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. आजीनं विचारलं, “म्होरं?”

“म्होरं काय न्हाय. एवढंच हाय.”

“मंग आसलं बी देवाच्या पुस्तकात हाय म्हना की!”

पुढल्या रविवारी आजी उपासनेला गेली. मागं बसली, गायली मात्र नाही. १९७३ला पाऊस चांगला झाला, तरीही तिचा गळा लगेच सुटला नाही. मंडळीतल्या कुणी तिला त्याबद्दल विचारलं नाही. तिची जागा तेवढी धरून ठेवायचे. खचलेल्या माणसाला उत्तर देण्यापेक्षा त्याची जागा राखणं हेच आमच्या मंडळीला जमलं, आणि माझ्या मते तेच तिचं सगळ्यात मोठं काम.