काचेपलीकडून आईला इशारे

मुलगा चार वर्षांचा. लाथा मारायचा, चावायचा, अंगावरचे कपडे भिरकावायचा. आईचं ऐकणं तर लांबच. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रॉबर्ट हॉकिन्स आणि त्यांचे सहकारी त्याच्या घरी जाऊ लागले, आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर. मुलाला त्यांनी काही सांगितलं नाही. खुणा केल्या त्या आईला. पहिली खूण: त्याला ‘थांब’ म्हण. दुसरी: त्याला खोलीत ठेव, दार लाव. तिसरी: जवळ घे, शाबासकी दे. हा प्रयोग १९६६ साली छापून आला. बंद दाराचा भाग आज कुणालाही खटकेल. पण उपचार घरात व्हावा, आणि तो आईने करावा, हे त्या काळात धाडसाचंच होतं.

कारण तोवरचा रिवाज वेगळा होता. विल्यम हीली यांनी १९०९ साली शिकागोत बालगुन्हेगारांच्या तपासणीसाठी संस्था काढली आणि १९२०च्या दशकात अमेरिकेत बाल मार्गदर्शन केंद्रांची लाट आली. मुंबईतही सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या ‘टिस’ने, १९३७ साली असं केंद्र सुरू केलं. अमेरिकी केंद्रांत कामाची वाटणी ठरलेली असे: तज्ज्ञ मुलाला घेऊन खेळण्यांच्या खोलीत, समाजसेविका आईची हकिकत ऐकत दुसऱ्या खोलीत. आई माहिती पुरवणारी, आणि बरेचदा आरोपीही.

आरोप बाजूला ठेवून घरात नेमकं काय घडतं ते मोजायला बसले ओरेगनमधल्या यूजीन गावचे मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन. त्यांची माणसं वही घेऊन लोकांच्या घरी जात. टीव्ही बंद, पाहुणे नकोत, घरच्यांनी दोनच खोल्यांत वावरायचं. आणि कोण कोणाशी कसं वागलं याची नोंद दर सहा सेकंदांनी. अशा नोंदींतून एक ओळखीचाच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसू लागला. आई म्हणते, खेळणी उचल. पोर भोकाड पसरतं. आई आवाज चढवते, पोर आणखी चढवतं. शेवटी आई म्हणते, राहू दे बाई, मीच उचलते. रडं थांबतं. मुलाची कामातून सुटका, आईची कटकटीतून सुटका. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून उद्याचा तमाशा पक्का. एलिझाबेथ गलियन यांच्यासोबत पॅटरसन यांनी १९६८ साली पालकांसाठी सोप्या भाषेत छोटं पुस्तकही काढलं.

त्याच राज्यात, पोर्टलंडच्या वैद्यकीय विद्यापीठात, कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी या साऱ्याला शिकवण्याजोगं रूप दिलं. खोलीत आई आणि मूल खेळतात. एकतर्फी काचेमागे शिकवणारी बसते आणि आईच्या कानातल्या छोट्या यंत्रातून तिला सांगत राहते. आधीच्या टप्प्यात हुकूम नाही, टीका नाही, प्रश्नही नाहीत. मूल खेळेल तसं मागे जायचं, चांगलं दिसेल ते बोलून दाखवायचं. बऱ्याच आयांना हेच जड जातं. हुकमाची पाळी नंतर येते, आणि तोही मोघम नको. ‘जरा नीट वाग’ म्हणून काय होणार? ‘ठोकळे डब्यात टाक’ म्हणायचं, थांबायचं, ऐकलं तर लगेच कौतुक करायचं.

हॅन्फ यांनी १९६९ साली एका परिषदेत ही पद्धत मांडली, पण फारसं छापलं नाही. नाव झालं ते ती पुढे नेणाऱ्यांचं: शीला आयबर्ग, रेक्स फोरहँड, आणि सिएटलमध्ये आयाबापांचे गट जमवून चित्रफिती दाखवत चर्चा घडवणाऱ्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपते. हॅन्फ यांच्या परिषदेतल्या निबंधाच्या शीर्षकात आईच आहे, आणि आईकडूनच उपचार करवणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉहलर यांच्या १९६५च्या गाजलेल्या लेखाच्या शीर्षकातही. बाबा कुठे होते, हे त्या शीर्षकांना विचारावंसंच वाटलेलं नाही.

आयांच्या कानात बोलून सुरू झालेलं हे काम आता डॉक्टरांच्या नियमावलीत बसलं आहे. चार-पाच वर्षांच्या अतिचंचल मुलांसाठी आधी पालकांना वर्तनोपचाराचं प्रशिक्षण द्यावं, औषधाचा विचार त्यानंतर करावा, अशी शिफारस अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ साली केली.