खुशालीची सहा अक्षरं

अमक्याचा तमक्याला नमस्कार, एवढं लिहून झालं की रोमन माणूस पुढे नुसती सहा आद्याक्षरं टाकायचा. ती सोडवली की होतं : सी वालेस, बेने एस्त, एगो वालेओ. तू खुशाल असशील तर बरं आहे, मी खुशाल आहे.

खासगी पत्रांसाठी टपाल नव्हतंच. पत्र जायचं ते नोकराच्या नाहीतर ओळखीच्या प्रवाशाच्या हाती, आणि पोचेल तेव्हा पोचायचं. म्हणून आधी धडधाकट असल्याची खबर, बाकीचं मागून. लिहून लिहून ती ओळ इतकी झिजली, की अक्षरंच उरली. 'वालेरे' या क्रियापदात प्रकृती आणि ताकद दोन्ही आहेत. आपल्या तोंडी बसलेले 'व्हॅल्यू', 'व्हॅलिड' त्याच मुळातले.

इ.स.पू. 48 मध्ये रोमच्या यादवी युद्धात पॉम्पीचा पक्ष हरला आणि त्या पक्षातला वक्ता सिसेरो इटलीच्या ब्रुंडिसियम बंदरात अडकून पडला. तिथून पत्नी तेरेन्शियाला पाठवलेल्या त्रोटक पत्रांत ही अक्षरं पुन्हा पुन्हा भेटतात. पुढच्या वर्षी परतीच्या वाटेवरून त्यानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तीही नाहीत. तुस्कुलमच्या घरी पाहुणे येतील, तयारी ठेव, न्हाणीघरात घंगाळ नसेल तर बसवून घे. बस, एवढंच. तीसएक वर्षांचा तो संसार पुढे लवकरच मोडला. ती चिठ्ठी वाचताना मला गाळलेली अक्षरंच आधी दिसतात.

तत्त्वज्ञ सेनेकानं मित्र लुसिलियसला लिहिलेल्या 124 पत्रांपैकी पंधराव्यात ही जुनी रीत आठवली आहे. पण त्याला ती बदलायची होती : तत्त्वचिंतन चाललं असेल तर बरं, कारण खरी प्रकृती तीच. त्याविना धट्टंकट्टं शरीर म्हणजे वेड्याच्या अंगातलं बळ.

थोर विचार आहे. तरी मला पत्रलेखक प्लिनी जवळचा वाटतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस त्यानं पत्र न पाठवणाऱ्या मित्राला विनवलं : लिहायला काही नसेल तर तेवढंच लिही, नाहीतर वाडवडील लिहायचे ती खुशालीची ओळ पाठव. मला तेवढं पुरे, कारण सगळ्यात मोठी गोष्ट तीच.

साधारण त्याच सुमारास ब्रिटनच्या उत्तर सीमेवर एका सेनाधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेवेरानं मैत्रीण सुल्पिशिया लेपिडिनाला 11 सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं बोलावणं धाडलं. लाकडाच्या पातळ पापुद्र्यावरचा मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात आहे. खाली कोपऱ्यात मात्र सेवेराचं स्वतःचं, जरा अडखळतं अक्षर. बहीण म्हणून, जिवलग म्हणून हाक मारत ती तिथे 'वाले' लिहिते : खुशाल राहा.