खूण आणि नोंद

ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन १९५७ साली बेंगळुरूस राहावयास आले आणि १९६२ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रलेखन केंद्र त्यांनी तेथे उभे केले. ग्रंथालयाच्या तालिकेचे तत्त्व साधे असते: खूण सांगावी आणि तिच्यापुढील नोंद हाती यावी. तालिकेचे पत्र मात्र ५ इंच लांब, ३ इंच रुंद. त्यावर मावेल तेवढेच लिहावयाचे.

त्याच शहरातील माझे एक मराठी स्नेही मराठी-कन्नड शब्दांचा संग्रह करतात. पत्रांची खोकी पुरेनाशी झाली तेव्हा त्यांनी संगणकाची कास धरली. पायथन या सोप्या आज्ञाभाषेत खूण-नोंदीच्या तयार पेट्या अनेक. त्यांतील कोणती घ्यावी?

अशी पहिली प्रसिद्ध पेटी, ‘डीबीएम’, केन टॉमसन यांनी १९७९ साली युनिक्स प्रणालीसाठी केली. खुणेच्या अक्षरांवरून गणिताने एक अंक काढावयाचा आणि थेट त्या अंकाच्या पानावर जावयाचे. सारी वही चाळणे नको. पान मात्र ५१२ बाइटांचे, आणि खूण व नोंद मिळून त्यातच बसली पाहिजेत. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ती नुसती वेलांटी का असेना, आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम १७० चिन्हे! गंमत अशी, की ही पद्धतही टॉमसन यांनीच रॉब पाइक यांच्यासह १९९२ मध्ये आखली.

पुढे या घराण्याचा विस्तार झाला. बर्कलीचा ‘एनडीबीएम’ आला. ओझान यिगित यांचा ‘एसडीबीएम’ आला. तो पर्ल भाषेने पदरी बाळगला, पण त्यालाही १००८ बाइटांची मर्यादा होतीच. ‘जीडीबीएम’ने ती उठविली. भावंडांची तोंडे मात्र एकमेकांकडे नव्हती. एकाची पेटी दुसऱ्यास उघडता येत नसे.

पायथनने निवडीचा भार स्वतःकडे घेतला: यंत्रावर जे साधन मिळेल ते वापरावे. ही सोय मला घातक वाटते. स्नेह्यांच्या यंत्रावर मुकाट्याने ‘जीडीबीएम’ निवडला गेला. नव्या यंत्रावर तो नव्हता. पेटीची जात ओळखली गेली, पण झाकण उघडेना. कित्येक वर्षांचे शब्द आत! वास्तविक काही हजार शब्दांसाठी वेगाची मातब्बरी ती काय? पायथनमधील ‘डम्ब’ नावाची मंद पेटीदेखील चालली असती. ती पायथन असेल तेथे उघडते.

ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीपासून पायथन ‘एसक्यूलाइट’वर आधारलेल्या पेटीला अग्रक्रम देते. जुन्या पेट्यांना त्याचा उपयोग नाही. सुदैवाने जुने यंत्र भंगारात गेले नव्हते. स्नेह्यांनी त्यावर साऱ्या नोंदी साध्या मजकुरात उतरविल्या, मग नव्या पेटीत भरल्या. पत्रांची खोकी अद्याप माळ्यावरच आहेत.