पुरीतला बटाटा आणि महाबळेश्वरचे कैदी

बटाट्याच्या पुऱ्यांची कणीक मळताना मी पाण्याचा थेंबही घालत नाही. उकडून किसलेला बटाटा, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि मावेल तेवढी कणीक. बटाट्याच्या ओलाव्यावरच गोळा घट्ट होतो. तो लगेच लाटायचा; ठेवला तर सैल पडतो आणि पुरी तेल पिते. सासूबाईंनी हे शिकवलं. त्यांचं माहेर वाईचं, म्हणून बटाटा महाबळेश्वराकडचाच हवा, असा त्यांचा हट्ट असे.

त्या डोंगरावरच्या बटाट्यामागे कोणाचे हात होते, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा कंद पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. पण महाबळेश्वरला १८३०च्या दशकात इंग्रजांनी चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग काढला. घरापासून हजारो मैलांवर आणलेल्या या माणसांनी त्या थंड, पावसाळी माथ्यावर भाजीचे मळे फुलवले, त्यात बटाटा मुख्य. १८६४च्या सुमारास तुरुंग उठला, बटाटा राहिला. त्या कैद्यांची आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पुढे आपण बटाट्याला किती जवळ केलं! उपासाला गहू वर्ज्य, पण हा परका कंद चालतो. आज आमच्याकडे बटाटा येतो तो बहुतेक मंचरच्या बाजारातून, आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा. नवा असला की त्यात पाणी जास्त असतं, मग कणीक मूठभर वाढवावी लागते.