पन्हाळ्याचं पाणी आणि बुडालेल्याची साक्ष

गडाच्या तटबंदीवर आपण नेहमी बोलतो. आज गडावरच्या पाण्याबद्दल बोलू, कारण त्याचा धागा थेट पोलीस तपासाला जोडलेला आहे.

तलावात प्रेत सापडलं की पहिला प्रश्न येतो: माणूस बुडून मेला, की मारून पाण्यात टाकला? इथे डायटम मदतीला येतात. डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ. त्याचं कवच सिलिकाचं, झाकणाच्या करंड्यासारखं. बुडणारा माणूस पाणी श्वासात ओढतो. डायटम फुफ्फुसातून रक्तात शिरतात आणि चालू हृदय त्यांना हाडांच्या मगजापर्यंत पोचवतं. प्रेताच्या फुफ्फुसात पाणी झिरपू शकतं, पण हृदय थांबलेलं असल्याने ते पुढे मगजात पोचत नाही. प्रयोगशाळेत मगज आम्लात विरघळवतात. मांस जातं, कवच उरतं.

जर्मनीत रेव्हेनस्टॉर्फ यांनी १९०४ साली फुफ्फुसातले डायटम पुरावा म्हणून मांडले. ते रक्तातही पोचतात, हे हंगेरीच्या इंत्से यांनी १९४२ मध्ये दाखवलं.

पण थोडे डायटम पिण्याच्या पाण्यातूनही शरीरात येतात, आणि सापडले नाहीत म्हणजे माणूस बुडालाच नाही, असंही म्हणता येत नाही. म्हणून मगजातल्या जाती घटनास्थळाच्या पाण्यातल्या जातींशी जुळवून पाहतात. त्यासाठी कुठल्या पाण्यात काय असतं, याची नोंद हाताशी हवी.

आपल्याकडे ती नोंद करणाऱ्यांत मोठं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ एच. पी. गांधी यांचं. १९५९ साली त्यांनी पन्हाळगडावरच्या डायटमवर शोधनिबंध छापला. त्याच वर्षी म्हैसूर राज्यातल्या सागरवर, आणि १९६० मध्ये मुंबई-साष्टीवर. हे काम शुद्ध वनस्पतिशास्त्राचं. पण आम्ही फौजी ज्याला नकाशा म्हणतो, तोच त्यांनी पाण्याचा काढला.

मी राहतो त्या बेंगळुरूत बेळंदूर तलावाला जानेवारी २०१८ मध्ये आग लागली, तेव्हा विझवायला लष्कराचे जवान उतरले. सांडपाण्यात ठरावीक चिवट जातीच तगतात. सगळे तलाव असे एकसारखे झाले, तर कुठलं पाणी कुठलं, हे ओळखायचं कसं? तलाव नासतो तेव्हा मासे मरतात, हे आपल्याला दिसतं. साक्षीदारही मरतो, हे दिसत नाही. आपल्या गावच्या तळ्याची नोंद आजच व्हायला हवी. प्रेत सापडल्यावर फार उशीर झालेला असतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.