सातारा व सांगली जिल्ह्यांतील वृद्धांचे अतिदक्षता उपचार

अत्यवस्थ वृद्ध रुग्णांना अतिदक्षता विभागात (आयसीयू) कृत्रिम श्वसनयंत्र, रक्तदाब टिकवणारी औषधे, डायलिसिस व अखंड देखरेख यांच्या साहाय्याने दिल्या जाणाऱ्या उपचारांना वृद्धांचे अतिदक्षता उपचार म्हणतात.

सुविधा
२०११ च्या जनगणनेनुसार सातारा व सांगली जिल्ह्यांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती. मोठी रुग्णालये मुख्यतः सातारा, कऱ्हाड, सांगली व मिरज येथे आहेत. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय स्थापन केले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले. माण, जत, आटपाडी यांसारख्या तालुक्यांतील रुग्णांना या शहरांपर्यंत लांबचा प्रवास करावा लागतो.

जगण्याची शक्यता
युरोपातील २१ देशांत झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातील ८० वर्षे व त्यावरील ५,०२१ रुग्णांपैकी ३२.६ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले. आजारापूर्वीच क्षीण झालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील अभ्यासात ७५ वर्षांवरील रुग्णांना अतिदक्षता विभागात सरसकट दाखल करण्याच्या धोरणाने सहा महिन्यांतील मृत्यू कमी झाले नाहीत.

पूर्वस्थितीचे महत्त्व
केवळ वयावरून निर्णय घेणे योग्य मानले जात नाही. क्षीणता मोजण्यासाठी १ ते ९ अंकांची श्रेणी वापरतात. आजारापूर्वी रुग्ण स्वतः चालत, जेवत, अंघोळ करीत होता का, हे त्यासाठी विचारले जाते. या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांतील तरुण नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास राहतात. अशा वेळी जोडीदार, सून किंवा शेजारी यांच्याकडून ही माहिती अधिक नेमकी मिळू शकते. परिणाम अनिश्चित असल्यास काही दिवस पूर्ण उपचार करून नंतर फेरविचार करण्याची पद्धतही अवलंबली जाते.

खर्च आणि कायदा
ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ झाली. दोन साक्षीदारांसमोर केलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार चालू ठेवावेत की नाही, हे रुग्णास त्यात आधीच नमूद करता येते.