मालिश करणाऱ्याची पाठ

केरळात कर्किडकम महिना लागला, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास, की युद्धकला शिकवणाऱ्या कळरीत मालिशीचा हंगाम सुरू होतो. ज्याचं अंग रगडायचं तो चटईवर पालथा पडतो. वर आडवा दोर बांधलेला असतो. कळरीचे गुरू, म्हणजे गुरुक्कळ, दोर धरून उभे राहतात आणि तेलानं माखलेल्या अंगावरून तळपाय लांबवर सरकवत नेतात. ही ‘चवुट्टि उळिच्चिल’. दोरावर भार घेतला की दाब हलका, हात सैल सोडले की जड. कमरेत वाकायचं कामच नाही.

कवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली सुरू केलेल्या केरळ कलामंडलममध्ये कथकली शिकणाऱ्या मुलांनाही पावसाळ्यात भल्या पहाटे अशीच पायांनी मालिश होते. एकामागून एक इतकी पोरं हातांनी रगडायची ठरवली असती, तर गुरूंनीच अंथरूण धरलं असतं!

मुंबईच्या चंपीवाल्याचंही तसं बरं चाललेलं असतं. गिऱ्हाईक खाली बसलेलं, हा मागे उभा; डोकं आपसूक त्याच्या हातांच्या उंचीला येतं. १९५७ च्या ‘प्यासा’तल्या जॉनी वॉकरनं हा मालिशवाला देशभर पोचवला. मात्र तेच गिऱ्हाईक चौपाटीच्या वाळूत आडवं झालं, की त्यालाही गुडघे टेकून ओणवं व्हावं लागतं.

खरी परवड बाळ-बाळंतिणीच्या मालिशवाल्या बाईची. मोरीत पाटावर बसायचं, लुगडं गुडघ्यांवर सारून दोन्ही पाय सरळ पसरायचे आणि नडग्यांवर बाळाला पालथं घालायचं. बाळाला याहून भक्कम जागा नाही. तेलानं निसरडं झालेलं अंगही घसरत नाही. पण पाय ताठ ठेवून पुढे झुकलं की मांडीमागच्या शिरा ओढल्या जातात, कंबर गोल होते आणि सगळा ताण माकडहाडाच्या वरच्या भागावर येतो. बाळ झालं की बाळंतीण. तिचं अंग रगडायचं, कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा. मग पुढचं घर. बाळंतिणीची कंबर भरून यावी म्हणून घरोघरी डिंकाचे लाडू वळले गेले. चोळणारीच्या कमरेची चौकशी क्वचितच कुणी केली.

पाश्चात्त्य देशांत मालिश टेबलावर चढली. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्तींची संस्था काढली, तेव्हा त्यांना आधी झगडावं लागलं ते धंद्याच्या अब्रूसाठी: मालिशीच्या नावाखाली कुंटणखाने चालतात, असा बोभाटा झाला होता. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुरुष रोग्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची संघटना उभी राहिली.

आज मालिश शिकवताना टेबलाची उंची आधी बघतात. शेजारी ताठ उभं राहून हात खाली सोडले, की मुठीची बोटं साधारण टेबलाला टेकावीत. एक पाय पुढे, एक मागे. जोर खांद्यांतून लावण्याऐवजी मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर न्यायचा. खोल दाबाला अंगठ्याऐवजी कोपराजवळचा हात वापरायचा. आणि धिप्पाड माणसानंतर किरकोळ अंगाचा कुणी आला, तर टेबल पुन्हा वर घ्यायचं.